लिनक्समधल्या ग्राफिक्स मेमरीचे लॉक: डेडलॉक शोधण्यापासून पॅचपर्यंत

मशीन जिवंत आहे, पिंगला उत्तर येतंय, एसएसएचने आतही शिरता येतंय, पण स्क्रीन गोठलेली आहे. ज्या प्रोसेसवर संशय आहे तिला किल केलं तरी ती मरत नाही, कारण ती डी स्थितीत, म्हणजे किलनेही न मोडणाऱ्या प्रतीक्षेत, अडकून बसली आहे. दोनेक मिनिटांनी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या लॉगमध्ये, ओळ येते की अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त काळ अडकलेली आहे, आणि खालच्या स्टॅकमध्ये कुठेतरी डब्ल्यूडब्ल्यू-म्युटेक्स-लॉक हे लॉक घेणारं फंक्शन दिसतं. पुष्कळदा इथेच 'जीपीयू हँग झाला' असं म्हणून विषय संपवला जातो. पण जीपीयू हँग झाला की ड्रायव्हर बोलतो: टाइमआउट झाला, रीसेट केला, अमुक रिंग अडकली. डेडलॉक, म्हणजे लॉकची वाट बघत कायमचं अडकून पडणं, मात्र गप्प असतो. हंग टास्कचा १२० सेकंदांचा इशारा येईपर्यंत लॉगमध्ये काहीही दिसत नाही.

हा लेख अशा डेडलॉकबद्दल आहे. ज्यांनी कर्नेल एकदा तरी बिल्ड केला आहे, म्युटेक्स म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे आणि आता डीआरएमच्या, म्हणजे लिनक्सच्या ग्राफिक्स सबसिस्टमच्या कोडमध्ये हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये लॉक कोणत्या क्रमाने घ्यायचे हे ड्रायव्हर लिहिणारा ठरवत नाही. तो क्रम मेमरी मॅनेजमेंटकडून ठरून आलेला असतो. एका टोकाला पेज फॉल्ट आहे, दुसऱ्या टोकाला मेमरी रिक्लेम, म्हणजे मेमरी संपत आली की कर्नेलने पानं परत मिळवणं, आहे, आणि ड्रायव्हरचा लॉक या दोघांच्या मधे सापडलेला आहे. डेडलॉक शोधताना आधी ही दोन टोकं बघायची, ड्रायव्हरचा कोड त्यानंतर.

क्रम कुठून येतो

जीपीयूचा प्रत्येक बफर कर्नेलमध्ये एक जेम ऑब्जेक्ट असतो. जेम, म्हणजे डीआरएमचा बफर सांभाळणारा भाग, २००८ साली कर्नेल २.६.२८ मध्ये आलं आणि तेव्हा सगळ्या उपकरणासाठी मिळून स्ट्रक्ट-म्युटेक्स नावाचा एकच मोठा लॉक होता. तो मोडून बारीक लॉक करायला अनेक वर्षं गेली. आज प्रत्येक बफरला आपला लॉक आहे, त्याला डीएमए-रेझ्व म्हणतात. कर्नेल ५.४ च्या आधीचा कोड वाचत असाल तर तिथे तो रिझर्व्हेशन-ऑब्जेक्ट या नावाने भेटेल.

आता पहिलं टोक. यूजर प्रोग्रॅमने बफर एममॅप केला, म्हणजे आपल्या पत्त्यांच्या जागेत जोडून घेतला, आणि त्यातल्या पत्त्यावर वाचायला गेला. पान जागेवर नाही म्हणून पेज फॉल्ट होतो. कर्नेल त्या प्रोसेसचा एममॅप-लॉक (तिच्या पत्त्यांच्या जागेचा लॉक) घेऊन ड्रायव्हरच्या फॉल्ट हँडलरला बोलावतो आणि हँडलर बफरचा लॉक मागतो. म्हणजे क्रम झाला: आधी एममॅप-लॉक, मग डीएमए-रेझ्व.

दुसरं टोक. डीएमए-रेझ्व हातात असताना ड्रायव्हर मेमरी मागतो, पानांची यादी ठेवायला ॲरे हवा असतो, पेज टेबलला पानं लागतात. मागणी जीएफपी-कर्नेल या, गरज पडल्यास थांबायची मुभा देणाऱ्या, झेंड्याने केली असेल आणि मोकळी मेमरी संपली असेल, तर कर्नेल तिथेच रिक्लेम सुरू करतो. रिक्लेम सगळ्या श्रिंकरना, म्हणजे मेमरी परत देणाऱ्या फंक्शनना, बोलावतो. त्यात तुमच्याच ड्रायव्हरचा श्रिंकर असतो.

म्हणून पूर्ण क्रम असा: एममॅप-लॉक, त्याच्या आत डीएमए-रेझ्व, त्याच्या आत रिक्लेम, आणि रिक्लेमच्याही आत एमएमयू नोटिफायर, म्हणजे पानं काढली जाणार असल्याची सूचना देणारी यंत्रणा. हा कागदावरचा नियम नाही. डीएमए-रेझ्वच्या सोर्स फाइलमध्ये डीएमए-रेझ्व-लॉकडेप नावाचं एक छोटं फंक्शन आहे. लॉकडेप, म्हणजे लॉकचा क्रम तपासणारं कर्नेलचंच साधन, चालू असलेला कर्नेल बूट होताना ते एकदा चालतं आणि हे सगळे लॉक याच क्रमाने घेऊन सोडून दाखवतं. कोणत्याही खऱ्या बफरशी त्याचा संबंध नाही, ते फक्त लॉकडेपला क्रम शिकवतं. हे फंक्शन पुढे रिपोर्टमध्ये पुन्हा भेटणार आहे, म्हणून एकदा उघडून वाचाच. जेमतेम पानभर आहे.

तपासणीचा कर्नेल

लॉकडेप २००६ साली २.६.१८ मध्ये आलं, इंगो मोल्नार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांच्या कामातून. त्याची खरी ताकद नीट समजून घ्यायला हवी: त्याला डेडलॉक घडायची गरज नसते. आज सकाळी एका थ्रेडने अ घेऊन ब घेतला आणि दुपारी दुसऱ्याच थ्रेडने ब घेऊन अ मागितला, तरी ते तक्रार करतं, कारण ते प्रत्यक्ष लॉक नाही तर लॉकचे वर्ग लक्षात ठेवतं. हजार बफर असले तरी सगळ्यांच्या डीएमए-रेझ्वचा वर्ग एकच.

मेन्यूकॉन्फिगमध्ये कर्नेल हॅकिंग, त्यात लॉक डिबगिंग हा विभाग. तिथे प्रूव्ह-लॉकिंग लावलं की त्याला लागणारं बाकीचं आपोआप लागतं. सोबत डिबग-ॲटॉमिक-स्लीप लावा आणि डिटेक्ट-हंग-टास्क चालू असल्याची खात्री करा. डिबग-डब्ल्यूडब्ल्यू-म्युटेक्स-स्लोपाथ हा पर्यायही इथेच आहे, नव्या कर्नेलमध्ये तोही प्रूव्ह-लॉकिंगसोबत आपोआप लागतो. त्याचं काम पुढे येईल. डिबग इन्फो हवीच, नाहीतर स्टॅकमधल्या पत्त्यांवरून ओळ क्रमांक काढता येणार नाही. हा कर्नेल हळू चालतो, त्याच्यावर कामगिरी मोजू नका. रोजच्या वापराच्या कॉन्फिगमध्ये ढवळाढवळ करण्यापेक्षा याची वेगळी बिल्ड डिरेक्टरी ठेवलेली बरी.

बूट झाल्यावर प्रॉकमधली लॉकडेप-स्टॅट्स फाइल वाचा. तिच्या शेवटाकडे डिबग-लॉक्स अशी ओळ असते. तिथे १ असेल तर लॉकडेप पहाऱ्यावर आहे. ० असेल तर ते बंद पडलेलं आहे, आणि अशा मशीनवर तासन्‌तास चाचण्या चालवून 'काही सापडलं नाही' म्हणण्याला काडीची किंमत नाही. ० होण्याची कारणं दोन नेहमीची. एक, लॉकडेप पहिली तक्रार केली की स्वतःला बंद करून घेतं, म्हणजे वायफाय ड्रायव्हरमधली एखादी जुनी तक्रार बूटच्या वेळीच आली असेल तर तुमच्या ग्राफिक्सची पाळी येतच नाही. दोन, बंद सोर्सचं मॉड्यूल लोड झालं की कर्नेल टेंट होतो, म्हणजे त्याला डाग लागल्याची नोंद होते, आणि लॉक तपासणी थांबते. तशी ओळही लॉगमध्ये येते. चाचणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ही फाइल बघायची.

डेडलॉकला उचकवायचं कसं

हार्डवेअरला बांधलेला ड्रायव्हर असेल तर ते हार्डवेअर लागणारच. पण जेमच्या सामायिक कोडवर काम असेल तर क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये व्हर्टिओ-जीपीयू किंवा व्हीकेएमएस पुरतं. व्हीकेएमएस हा डिस्प्लेचा आभासी ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नेलमध्ये आहे. चाचण्यांसाठी आयजीटी जीपीयू टूल्स. डीआरएमचे लोक रोज तेच वापरतात.

खरी अडचण रिक्लेमची बाजू चालवून घेण्यात येते. मेमरी मुबलक असेल तर श्रिंकर कधी धावतच नाही आणि लॉकडेपला अर्धी साखळी दिसतच नाही. इथे दोन फसवे रस्ते आहेत आणि दोन्ही अगदी स्वाभाविक वाटतात.

पहिला रस्ता: सीग्रूपला, म्हणजे प्रोसेसच्या गटाला, मेमरीची मर्यादा घालून त्यात चाचणी चालवणं. मर्यादा गाठली की रिक्लेम होतं खरं, पण ते फक्त त्या सीग्रूपपुरतं. ज्या श्रिंकरने आपल्याला सीग्रूप कळतात असं नोंदवलेलं नाही, त्याला तिथे बोलावलंच जात नाही. तुमचा श्रिंकर सीग्रूप न जाणणारा असेल, तर चाचणी कितीही वेळ चालवा, तो एकदाही धावणार नाही.

दुसरा रस्ता: ड्रॉप-कॅशेस या फाइलमध्ये २ लिहिणं. यात श्रिंकर धावतो, पण थेट धावतो. रिक्लेममध्ये शिरताना एफएस-रिक्लेम नावाची जी खोटी लॉक-खूण लावली जाते ती या वाटेवर लागत नाही. त्यामुळे चुकीचा श्रिंकरसुद्धा इथे लॉकडेपच्या नजरेतून सुटतो. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरच्या डिबगएफएसमधल्या अशाच फाइलमागचा कोड ती खूण स्वतःहून लावतो, ते याचसाठी.

सरळ उपाय हा: क्यूईएमयूला मुद्दाम थोडी रॅम द्या, एक जीबी पुरे, आणि एका बाजूला मेमरी खाणारा साधा प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला बफर बनवणारी आणि मोडणारी चाचणी चालवा. केस्वॅपडी, म्हणजे रिक्लेम करणारा कर्नेलचा थ्रेड, जागा होतो, खूण लावून रिक्लेममध्ये शिरतो, आणि काम होतं.

याहूनही चांगला उपाय म्हणजे नशिबावर अवलंबून न राहणं. जो लॉक श्रिंकरमध्ये घेतला जाणार आहे, तो तयार करतानाच लॉकडेपला सांगून टाकायचं: एफएस-रिक्लेम-ॲक्वायर, त्यानंतर माइट-लॉक, त्यानंतर एफएस-रिक्लेम-रिलीज. या तीन ओळींनी ड्रायव्हर लोड होतानाच नातं नोंदवलं जातं, मेमरी संपायची वाट बघावी लागत नाही. आय९१५ मध्ये श्रिंकर-टेंट्स-म्युटेक्स नावाचं फंक्शन नेमकं हेच करतं. नवीन ड्रायव्हरमध्ये या तीन ओळी पहिल्या दिवसापासून असाव्यात असं माझं ठाम मत आहे.

रिपोर्ट वाचायचा कसा

समजा, एका ड्रायव्हरच्या श्रिंकरमध्ये असं लिहिलंय: यादीतला बफर घे, त्याचा डीएमए-रेझ्व लॉक कर, पानं सोड, लॉक सोड. वाचायला निर्दोष. कमी रॅममध्ये चालवल्यावर लॉकडेपचा रिपोर्ट येतो. लांबलचक असतो, पण त्याचे भाग ठरलेले आहेत.

सुरुवातीला लिहिलेलं असतं की लॉकच्या वर्तुळाकार अवलंबनाची शक्यता आढळली. 'शक्यता' हा शब्द वाचून निवांत होऊ नका. मशीन अजून अडकलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

त्याखाली दोन लॉक. केस्वॅपडी हा थ्रेड रिझर्व्हेशन-डब्ल्यूडब्ल्यू-क्लास-म्युटेक्स मागतो आहे, हा आपल्या डीएमए-रेझ्वचा वर्ग. आणि त्याच्या हातात आधीच एफएस-रिक्लेम आहे. एफएस-रिक्लेम हा खरा लॉक नाही, 'मी आता रिक्लेमच्या आत आहे' एवढं सांगणारी खूण आहे.

लॉकच्या नावापुढे महिरपी कंसात अधिकची आणि टिंबाची चिन्हं असतात. अधिक म्हणजे इंटरप्ट चालू असताना हा लॉक घेतला गेला, उणे म्हणजे इंटरप्टच्या आत घेतला गेला, प्रश्नचिन्ह म्हणजे दोन्ही घडलंय. त्यापुढच्या कंसात ३:३ किंवा नव्या कर्नेलमध्ये ४:४ दिसलं की तो झोपू शकणारा लॉक समजायचा. आपल्या प्रश्नात ही चिन्हं फारशी कामाची नाहीत. स्पिनलॉकच्या तक्रारीत ती मोलाची ठरतात.

यानंतर साखळी येते, आणि ती उलट्या क्रमाने छापलेली असते. सर्वात मोठा क्रमांक वर, शून्य क्रमांक सर्वात खाली. शून्य क्रमांकाचा स्टॅक म्हणजे आत्ता घडत असलेली गोष्ट. आपल्या उदाहरणात तो खालून वर वाचला तर केस्वॅपडी, बॅलन्स-पीजीडॅट, श्रिंक-नोड, श्रिंक-स्लॅब, डू-श्रिंक-स्लॅब, मग तुमच्या ड्रायव्हरचं स्कॅन फंक्शन, मग डब्ल्यूडब्ल्यू-म्युटेक्स-लॉक. हे सगळं ओळखीचं.

एक क्रमांकाच्या स्टॅकपाशी गोंधळ होतो. तिथे तुमच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नाही. दिसतं ते डीएमए-रेझ्व-लॉकडेप, त्याखाली डू-वन-इनिटकॉल, त्याखाली कर्नेल-इनिट. म्हणजे बूटच्या वेळी एकदा चालून गेलेला कोड. 'बूट तर केव्हाच संपला, तो थ्रेड आता कुठे माझ्याशी भांडणार, हा खोटा इशारा आहे' असं वाटणं साहजिक आहे. पण हा स्टॅक म्हणजे दुसरा पक्ष नाही, तो नियम आहे: डीएमए-रेझ्व हातात असताना मेमरी मागायला परवानगी आहे, आणि कोणताही ड्रायव्हर ती केव्हाही मागेल. ज्या दिवशी तुमच्याच ड्रायव्हरने बफर लॉक करून जीएफपी-कर्नेलने मेमरी मागितली, मेमरी संपलेली होती, आणि रिक्लेमने तुमच्याच श्रिंकरला बोलावून तोच बफर पुढे केला, त्या दिवशी तो थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसेल. दुसरा थ्रेड लागतच नाही.

रिपोर्टच्या शेवटी दोन सीपीयूंचा एक छोटा तक्ता असतो. तो बघून लगेच निष्कर्ष काढू नका. साखळी दोन लॉकहून लांब असली की तो तक्ता फार ढोबळ होतो. पत्त्यांवरून ओळी काढायला कर्नेलच्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत डिकोड-स्टॅकट्रेस आहे. संपूर्ण लॉग त्यातून काढा, मगच कोड उघडा.

मशीन खरोखरच अडकलेलं असेल तर सिसआरक्यू, म्हणजे कर्नेलला थेट आज्ञा देणारी कळ, वापरा. डब्ल्यू दिलं की अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक मिळतात, डी दिलं की कोणाच्या हातात कोणता लॉक आहे हे कळतं. डी साठी लॉकडेप चालू असावं लागतं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीसारखं दिसणारं काही

वरच्या उदाहरणाचं उत्तर: श्रिंकरमध्ये डीएमए-रेझ्व-ट्रायलॉक. मिळाला तर पानं सोडायची, नाही मिळाला तर तो बफर सोडून पुढच्याकडे जायचं. ट्रायलॉक थांबून राहत नाही, म्हणून त्यातून साखळी बनत नाही, आणि लॉकडेपही ते तसंच धरतं. जो बफर कोणीतरी आत्ता वापरतंय त्याची पानं काढण्यात फायदाही नसतो, त्यामुळे इथे काही गमावलं जात नाही. डीआरएममध्ये यासाठी जेम-एलआरयू-स्कॅन हे तयार फंक्शन आहे. शक्यतो तेच वापरा. ते आधी बफरचा रेफरन्स काउंट शून्य नाही ना हे पाहून रेफरन्स घेतं, मग ट्रायलॉक करतं. हाताने लिहिताना हा पहिला भाग हमखास राहून जातो आणि मरू घातलेला बफर हाती लागतो.

ट्रायलॉकऐवजी एक मोह होतो: बफर लॉक असताना मेमरी मागायची तर जीएफपी-नोएफएस वापरायचं. लॉकडेप लगेच गप्प होतं, कारण एफएस-रिक्लेमची खूण फक्त एफएस झेंडा असलेल्या मागणीवर लागते. पण रिक्लेम होतंच! फाइल सिस्टिममध्ये शिरू नका एवढंच त्या झेंड्याने सांगितलं. तुमचा श्रिंकर झेंडा तपासत नसेल तर त्याला पूर्वीसारखंच बोलावलं जाईल. डेडलॉक जागच्या जागी आणि पहारेकरी झोपवलेला. असा पॅच दिसला तर तो परत पाठवावा.

नेस्टेड लॉकच्या वर्गांचंही तसंच. म्युटेक्स-लॉक-नेस्टेडने लॉकडेपला सांगता येतं की हा वेगळ्या पायरीचा लॉक आहे. आई-मूल अशी खरी उतरंड असेल तर ते योग्य आहे. उतरंड नसताना तक्रार मिटवायला वापरलं तर तीही लपवाछपवीच.

पेज फॉल्टच्या टोकाची चूक वेगळी दिसते. आयओसीटीएलमध्ये, म्हणजे यूजरने ड्रायव्हरला केलेल्या कॉलमध्ये, बफर लॉक केला आणि मग कॉपी-फ्रॉम-यूजरने यूजरकडून एखादी यादी वाचली. यूजरचं ते पान जागेवर नसेल तर पेज फॉल्ट होईल, एममॅप-लॉक लागेल, आणि क्रम उलटा झाला. यूजरने मुद्दाम तो पत्ता त्याच बफरच्या एममॅपमधला दिला तर? तेव्हा फॉल्ट हँडलर तोच बफर मागेल. म्हणजे साध्या यूजरला हवं तेव्हा कर्नेलचा थ्रेड अडकवता येईल. हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. सुदैवाने कॉपी-फ्रॉम-यूजरच्या आत माइट-फॉल्टची खूण आहे, त्यामुळे पान जागेवर असलं तरी लॉकडेपला नातं दिसतं. दुरुस्ती सोपी: यूजरकडून जे वाचायचं ते आधी कर्नेलच्या मेमरीत आणा, लॉक नंतर. मोठी यादी असेल तर तिच्यासाठी मेमरी केव्हीमॅलॉकने मागा. परत लिहायचं असेल तर लॉक सोडल्यावर लिहा.

टीटीएम या डीआरएममधल्या मेमरी व्यवस्थापकाच्या फॉल्ट हँडलरमध्येही एक शहाणपण आहे. तिथे बफर आधी ट्रायलॉक करून बघतात. नाही मिळाला तर एममॅप-लॉक सोडून बफर मोकळा होण्याची वाट बघतात आणि फॉल्ट पुन्हा करायला सांगतात. म्हणजे एका बफरपायी सगळ्या प्रोसेसचा एममॅप-लॉक अडून राहत नाही.

आणखी एक जागा, जी रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही: लॉकच्या आत रेफरन्स सोडणं. डीएमए-रेझ्व बहुतेक वेळा बफरच्या ऑब्जेक्टच्या पोटातच असतो. बफर लॉक केला, काम झालं, रेफरन्स सोडला, मग लॉक सोडला. तो रेफरन्स शेवटचा असेल तर ऑब्जेक्ट आधीच मोकळा झाला आणि तुम्ही मोकळ्या मेमरीतला लॉक सोडताय. आणि फ्री फंक्शनच तो लॉक मागत असेल तर तिथेच डेडलॉक. क्रम नेहमी हाच: आधी लॉक सोडा, मग रेफरन्स.

एकाच वेळी अनेक बफर

इथपर्यंत एका बफरची गोष्ट होती. पण जीपीयूला काम देताना यूजर एकदम दहा-वीस किंवा शेकडो बफरची यादी देतो आणि ते सगळे लॉक करावे लागतात. एकाने अ-ब दिले, दुसऱ्याने ब-अ. यादीचा क्रम यूजरच्या हातात, त्यामुळे 'नेहमी याच क्रमाने घ्या' हा नेहमीचा उपाय इथे लागू पडत नाही. यासाठीच मार्टेन लँकहॉर्स्ट यांचा डब्ल्यूडब्ल्यू-म्युटेक्स २०१३ साली ३.११ मध्ये आला आणि डीएमए-रेझ्वच्या आत तोच आहे.

दवाखान्यात नंबर घ्यावा तसा प्रत्येक कामाला सुरुवातीलाच एक नंबर मिळतो. दोन कामं एकमेकांत अडकली की ज्याचा नंबर नंतरचा, त्याने माघार घ्यायची. माघारीची खूण म्हणजे ई-डेडलॉक हा एरर. तो आला की हातातले सगळे लॉक सोडायचे, ज्या बफरवर अडलं होतं तो स्लो-लॉकने आधी मिळवायचा, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. नंबर मात्र तोच राहतो. त्यामुळे कधी ना कधी आपलं काम सर्वात जुनं ठरतं आणि पुढे सरकतं. माघारीनंतर नवा नंबर घेतला तर ही हमी गेली.

चुका ठरलेल्या आहेत. यादीत एकच बफर दोनदा आला की ई-ऑलरेडी मिळतो. तो अपयश नाही, पण सोडताना दोनदा सोडलात तर गडबड. दुसरी चूक जास्त वाईट: माघारीच्या आधी बफरबद्दल जे वाचून ठेवलं होतं, तो कुठे आहे, त्याचा जीपीयू पत्ता काय, ते माघारीनंतर तसंच वापरणं. मधल्या काळात लॉक हातात नव्हता, बफर व्हीआरएएममधून बाहेर गेलेला असू शकतो. सगळे लॉक मिळाल्यावरच वाचायला सुरुवात करावी.

हा माघारीचा कोड प्रत्यक्षात क्वचित चालतो, म्हणून त्यातले दोष वर्षानुवर्षं पडून राहतात. सुरुवातीला उल्लेख केलेला स्लोपाथचा पर्याय इथे कामाला येतो. तो कारण नसताना अधूनमधून ई-डेडलॉक देत राहतो. ज्या कोडवर विश्वास होता तो यात पाच मिनिटांत उघडा पडतो.

नवीन कोड लिहिणार असाल तर हे चक्र हाताने लिहू नका. ६.६ पासून डीआरएम-एक्झेक हे सहायक आहे. यादी, माघार, पुनःप्रयत्न, दोनदा आलेले बफर, सगळं तेच सांभाळतं.

फेन्स

फेन्स म्हणजे 'जीपीयूचं अमुक काम झालं' हे कळवणारी वस्तू. तिची वाट बघणं हेही अडकणंच आहे, पण ती लॉक नसल्यामुळे लॉकडेपला आपोआप दिसत नाही. डीएमए-रेझ्व हातात धरून फेन्सची वाट बघायला परवानगी आहे, आणि श्रिंकरमधून आणि एमएमयू नोटिफायरमधूनही. याचा अर्थ कडक निघतो: फेन्स सिग्नल होण्यासाठी जो कोड चालावा लागतो, त्यात डीएमए-रेझ्व घेता येत नाही आणि जीएफपी-कर्नेलने मेमरीही मागता येत नाही. नोएफएससुद्धा चालत नाही, फक्त न थांबणारी मागणी चालते. डीआरएम शेड्युलरचं रन-जॉब हे कॉलबॅक याच हद्दीत येतं, आणि तिथे बिनदिक्कत केझेडॅलॉकने मेमरी मागितलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. जे लागेल ते जॉब रांगेत टाकण्याआधी मागून ठेवायचं.

ही हद्द लॉकडेपला दाखवायला ५.९ पासून डीएमए-फेन्स-बिगिन-सिग्नलिंग आणि तिची एंडची जोडी आहे. आपल्या कोडला त्या लावून बघा.

लॉक नसल्याचा दोष

डेडलॉक निदान दिसतो तरी. लॉक घ्यायचाच राहिला तर मशीन व्यवस्थित चालत राहतं आणि दार उघडं राहतं. २०२३ साली व्हीएमवेअरच्या आभासी जीपीयूच्या व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स ड्रायव्हरमध्ये अशी दोन प्रकरणं नोंदवली गेली. सीव्हीई-२०२३-३३९५१ मध्ये जेम ऑब्जेक्ट हाताळताना लॉकिंग अपुरं होतं आणि त्यातून कर्नेलमधली माहिती बाहेर फुटू शकत होती. सीव्हीई-२०२३-३३९५२ मध्ये तर एकच ऑब्जेक्ट दोनदा मोकळा होत होता.

या जातीच्या दोषाचा नेहमीचा नमुना असा: ड्रायव्हर बफर बनवतो, यूजरसाठी हँडल तयार करतो, आपला रेफरन्स सोडतो, आणि त्यानंतरही पॉइंटर वापरत राहतो. हँडलचे क्रमांक लहान आणि ओळीने वाढणारे असतात, पुढचा कोणता येणार हे ओळखता येतं. दुसरा थ्रेड तो क्रमांक आधीच धरून बंद करतो आणि पॉइंटर लोंबकळत राहतो. स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये हँडल-क्रिएटची प्रत्येक जागा शोधा आणि त्यानंतरच्या ओळींत ऑब्जेक्टला हात लागतोय का ते बघा. हे काम एका दुपारी होतं. ज्या फंक्शनने लॉक हातात आहे असं गृहीत धरलंय, त्याच्या पहिल्या ओळीत डीएमए-रेझ्व-असर्ट-हेल्ड टाका. कॉमेंटमध्ये 'लॉक घेऊन बोलवा' लिहिण्यापेक्षा हे शंभरदा बरं, कारण हे कर्नेल स्वतः तपासतो. सोबत केएएसएएन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, लावून आयजीटीची एक फेरी काढा.

पॅच

दुरुस्ती झाल्यावर तीच कमी रॅमची चाचणी पुन्हा, स्लोपाथ चालू ठेवून. जुन्या कर्नेलवर रिपोर्ट येतो आणि नव्यावर येत नाही, हे दोन्ही दाखवता आलं पाहिजे, आणि नव्याच्या वेळी डिबग-लॉक्स शेवटपर्यंत १ होतं हेही.

पॅचच्या मजकुरात रिपोर्ट टाका, पण छाटून. वेळेचे आकडे काढा, मॉड्यूलची यादी काढा, रजिस्टर काढा. दोन लॉकची नावं आणि प्रत्येक क्रमांकाच्या स्टॅकमधल्या कामाच्या चार-पाच ओळी पुरतात. त्याच्यावर साध्या भाषेत तीन वाक्यं लिहा: कोणता मार्ग कोणता लॉक आधी घेतो, कोणता मार्ग उलटा जातो, आणि ठरलेल्या क्रमाप्रमाणे यातला कोणता चूक. ज्या कमिटमुळे दोष आला तो गिट ब्लेमने शोधून त्याच्या आयडीतली पहिली १२ अंक-अक्षरं फिक्सेसच्या ओळीत द्या. स्थिर आवृत्त्या सांभाळणारे लोक त्या ओळीवरून ठरवतात की पॅच कोणत्या जुन्या कर्नेलपर्यंत मागे न्यायचा.